ठसा आणि कळसूत्र: मुद्राचित्रकाराने बाहुलीवाल्यांकडे जाताना

माझं लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर उमटवलेलं चित्र, पहिल्यांदा एका बाहुलीवाल्यांच्या हातात गेलं, तेव्हा त्यांनी चित्र बघायच्या आधी कागद वाकवून पाहिला. पिंगुळीतलं घर, दुपारची वेळ. जाड हातकागद, खाली पेन्सिलीने ४/१५ असा, म्हणजे पंधरांतला चौथा ठसा हे सांगणारा, क्रमांक आणि माझी सही. आम्हा मुद्राचित्रण करणाऱ्यांना असा ठसा दोन बोटांत, कोपऱ्याला धरायची सवय. काकांनी तो दोन्ही पंजांत घेतला, मधोमध बाक दिला, कानाशी नेऊन वाजवला आणि मग कुठे चित्राकडे बघून म्हणाले, "चित्र बरा आसा गो बाय. पण ह्या बायलेचो हात खंय हलतलो?"

चित्रात डोक्यावर घागर घेतलेली बाई होती. एक हात घागरीला, दुसरा कमरेवर, दोन्ही अंगाच्या काळ्या आकारात मिसळून गेलेले. चित्र म्हणून ती घट्ट उभी होती आणि मला तिचा अभिमान होता. बाहुली म्हणून बघितलं तर तिला हातच नव्हते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलंमुली अधूनमधून माझ्याकडे येतात. कुणी फाइन आर्ट शिकून नुकतंच परत आलेलं असतं, कुणी शाळेत चित्रकला शिकवत असतं. प्रश्न साधारण एकच: मुद्राचित्रण येतं, बाहुलीनाट्य करणाऱ्यांबरोबर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? प्रत्येकाला मी तुकड्यातुकड्याने सांगत आले. आता सगळं एकत्र लिहून काढते आहे, कारण या वाटेवर मला स्वतःला सांगणारं कुणी भेटलं नव्हतं आणि त्यात माझी चांगली तीन वर्षं गेली.

मी बेळगावच्या वडगावची. आमच्या घरात माग होते. साडीच्या पाठीमागच्या बाजूला नक्षी उलटी कशी दिसते हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं, त्यामुळे ठशाच्या ब्लॉकवर उलटं कोरण्याची भीती कधी वाटली नाही. बेळगावात चित्रकलेची परंपरा मोठी आहे. के. बी. कुलकर्णी सरांनी इथे पिढ्या घडवल्या, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. पण ती परंपरा मुख्यतः जलरंगाची, तैलरंगाची, व्यक्तिचित्राची. ठशाचं काम शिकायचं तर बाहेर जावं लागतं: मुंबईचं सर जे. जे., बडोदा, शांतिनिकेतन, किंवा आपल्या कर्नाटकात म्हैसूर (कावा) आणि दावणगेरे इथली दृश्यकला महाविद्यालयं. जमलं तर जा. तिथल्या प्रेसवर घालवलेली दोन वर्षं पुढे आयुष्यभर पुरतात.

नाही जमलं म्हणून अडून बसू नका. लिनो आणि लाकडाचा ठसा काढायला प्रेस लागतच नाही. शाईचा रोलर, दोन-तीन पटाशा, वरण वाढायचा मोठा डाव आणि त्याच्या पाठीने कागद घासायला लागणारा धीर, एवढ्यावर माझी पहिली चार वर्षं निघाली. एचिंगसाठी, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रसायनाने रेघा खोदून काढायच्या ठशासाठी, प्रेस हवाच होता, तो मी पुढे बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, बनवून घेतला. चित्र काढून दाखवलं तेव्हा तिथले फिटरमामा म्हणाले, "म्हणजे रसाचा चरकच की ओ ताई." अगदी बरोबर होतं त्यांचं. वर एक रूळ, खाली एक रूळ, मधून सरकणारी पाटी, आणि दाब कमीजास्त करायला दोन स्क्रू. लेथवर रूळ गोल करून देणारी माणसं ज्या गावात गल्लोगल्ली आहेत, तिथे तयार प्रेससाठी परगावी पैसे पाठवायची गरज नाही. फक्त एक सांभाळा: रूळ पोकळ पाइपचा घेऊ नका, दाबाखाली तो मधे लवतो आणि ठशाचा मधला पट्टा फिका येतो.

एचिंग घरी करणार असाल तर नायट्रिक ॲसिडच्या वाटेला जाऊ नका. तांब्याचा पत्रा आणि फेरिक क्लोराइड वापरा. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डासाठी मिळतं. खिडक्या उघड्या, हातात मोजे, आणि वापरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही.

तांब्याच्या पत्र्यावरून आठवलं. आपल्या भागाला हे काम परकं नाही. मिरजेत १८०५ साली पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली गेली. कोरणारा कारागीर तांबट होता, पुण्यात पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकील मॅलेट साहेबाच्या वेळी हे कसब शिकलेला. अथणीहून मिरज किती लांब? नवीन मुलं मला म्हणतात की ही कला बाहेरची आहे, तेव्हा मी त्यांना हा तांबट सांगते. आणि उलटी अक्षरं वाचायला कुणाकडे शिकायचं तर जुन्या छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्यांकडे. लग्नपत्रिकेचे छापखाने ऑफसेटवर गेले, पायाने चालवायची ट्रेडल यंत्रं भंगारात गेली, पण खिळे जुळवलेले हात बेळगावात अजून आहेत. त्यांच्याकडे बसून तासभर गप्पा मारा. शाई किती घट्ट असावी, रोलरचा आवाज कसा आला की शाई पुरेशी झाली, हे त्यांनी सांगितलेलं मला कुठल्या वर्गात कळलं नव्हतं.

आता बाहुल्यांकडे येते. आपण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर राहतो, त्यामुळे दोन मोठ्या परंपरा आपल्याला दोन बाजूंना सापडतात. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, पुढे कुडाळ, आणि कुडाळला लागून पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाच्या कलांपैकी तीन आपल्या कामाच्या: चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी उभारलेलं ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय तिथेच आहे. मुद्राचित्रकाराने आधी चित्रकथी बघावी असं माझं मत आहे. कागदावरची चित्रं पाठीला पाठ लावून जोडलेली, त्यांची पोथी, आणि एकेक चित्र पुढे धरत गाऊन सांगितलेली कथा. याला ते 'पोथी सोडणं' म्हणतात. चित्र भिंतीवरून माणसाच्या हातात आलं की त्याचं काय होतं, हे तिथे डोळ्यांपुढे दिसतं.

दुसऱ्या बाजूला, कोप्पळ-बळ्ळारीकडे, तोगलु गोंबेयाट, म्हणजे कातडी बाहुल्यांचा सावलीचा खेळ. कोप्पळ जिल्ह्यातल्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या होत्या. हा खेळ करणारा समाज किळ्ळेक्यात. खेळ कन्नडमध्ये, आणि घरातली बोली मराठीच्या वळणाची. हे मी कधीतरी वाचलं होतं, पण धारवाडला एका शिबिरात प्रत्यक्ष कानावर आलं तेव्हा हातातलं काम थांबलं. पडद्याच्या पुढे कन्नड पद चाललेलं, आणि पडद्यामागे आजी नातवाला बाहुल्या काढून देताना हळू आवाजात काही सांगत होती, त्यातला प्रत्येक तिसरा शब्द माझ्या ओळखीचा. मी बेळगावची, आयुष्यभर दोन भाषांच्या मधे उभी राहिलेली. एका पातळ धोतराच्या पडद्याच्या अलीकडे एक भाषा आणि पलीकडे दुसरी, आणि खेळ मात्र एकच. त्या रात्री मी ठरवलं की काम करायचं तर हेच.

ठरवल्यावर मी जी चूक केली ती जवळजवळ प्रत्येक चित्रकार करतो. घरी बसून दहा सुंदर ठसे काढले आणि आमच्या गटाकडे घेऊन गेले. गट म्हणजे दोन शाळामास्तर, एक सुतारमामा आणि नाटकात काम करणारी तीन तरुण मुलं. ते शनिवार-रविवार हातमोजा बाहुल्यांचे खेळ करायचे. त्यांनी ठसे बघितले, कौतुक केलं, चहा दिला. पुढच्या महिन्याभरात त्यांतला एकही ठसा वापरला गेला नाही. मला वाईट वाटलं. सुतारमामांनी तेव्हा सांगितलेलं मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते: "ताई, तुम्ही चित्र पुरं करून आणता. आमाला जागाच उरत न्हाई."

म्हणून पहिली गोष्ट: ब्लॉक कोरायला घेण्याआधी दोन-तीन महिने नुसत्या तालमींना जा. चित्रं काढू नका. बाहुली हातात धरा. वीस मिनिटं हात डोक्याच्या वर उचलून बाहुली धरलीत की तुमचा खांदा तुम्हाला जे सांगेल ते कुठल्याही पुस्तकात नाही. आमच्या हातमोजा बाहुलीचं डोकं दीडशे ग्रॅमच्या पुढे गेलं की खेळाच्या मध्यावर मान झुकायला लागते, म्हणजे खेळवणाऱ्याचं बोट दमतं आणि बघणाऱ्याला वाटतं पात्र दुःखी झालं. मी छापलेल्या कागदाचे पाच थर चिकटवून केलेला मुखवटा असाच जड झाला होता. तीन थर पुरले असते. चिंचोक्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाका, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. ही बायंडरांची जुनी युक्ती आहे. मोरचूद विषारी, तेव्हा मुलांच्या हातात द्यायच्या बाहुल्यांना तो वापरू नका.

सावलीच्या बाहुल्यांबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण ठशाचं काम आणि सावलीचं काम आतून एकच आहे असं मला वाटतं. लिनोवर आपण जे कोरून काढतो ते पांढरं राहतं. कातड्याच्या बाहुलीला जिथे भोक पाडतात तिथून उजेड येतो. दोन्हीकडे हत्यार उजेडासाठी चालतं. हे कळल्यावर मला वाटलं, आपल्याला तर हे येतंच. तरीही पहिली सावलीची बाहुली मी तीनदा फुकट घालवली.

पहिल्यांदा कातड्यात. आपल्याकडे अथणीला कोल्हापुरी चपलांचं एवढं मोठं काम, २०१९ साली त्या चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे. मी सरळ अथणीला गेले आणि सुंदर, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं घेऊन आले. पडद्यामागे दिवा लावला, कातडं धरलं. काळाकुट्ट ठोकळा. कमावलेल्या कातड्यातून उजेड जातच नाही. बाहुलीला लागतं न कमावलेलं, चुन्यात घालून केस काढलेलं आणि खरवडून पातळ केलेलं शेळीचं कातडं. ते मला शेवटी ढोलकी मढवणाऱ्याकडे मिळालं. अथणीच्या कातड्याचं पुढे आम्ही बाहुल्यांच्या बिजागऱ्या केल्या आणि त्या आजही टिकून आहेत.

दुसऱ्यांदा शाईत. छपाईची काळी शाई अपारदर्शक, ते तिचं कामच. लाल आणि हिरवी शाईसुद्धा पडद्यावर काळीच दिसली. पारंपरिक बाहुल्यांचे रंग कातड्यात मुरतात, उजेड त्यातून गाळून येतो, म्हणून रावणाचं लाल तसं पेटतं. छापायचंच असेल तर शाईत पारदर्शक बेस भरपूर घाला, इतका की पाटीवर ती शाई तुम्हाला पाणचट वाटावी. आणि प्रत्येक रंग दिव्यापुढे धरूनच ठरवा, टेबलावर बघून नाही. आता मी रेषा तेवढ्या काळ्या शाईने छापते आणि रंग हाताने, पातळ डायने भरते. कातडं हाताशी नसेल तर जाड कागदाला जवसाचं तेल चोळा, दोन दिवसांत तो अर्धपारदर्शक होतो. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा.

तिसऱ्यांदा दिशेत. हे जरा नीट वाचा. छापलेली बाजू पडद्याला लावली तर शाई धोतराला लागते आणि दहा खेळांत पडदा मळतो. म्हणून छापलेली बाजू खेळवणाऱ्याकडे ठेवतात. म्हणजे बघणाऱ्याला चित्र पाठीमागून, आरपार दिसतं. ब्लॉकवरून कागदावर येताना चित्र एकदा उलटलं, पडद्यावरून दिसताना दुसऱ्यांदा उलटलं. म्हणजे सावलीसाठी ब्लॉकवर अक्षर सरळच कोरायचं. मी सवयीने उलटं कोरलं होतं. एका शाळेत पडद्यावर नदीचं नाव उलटं उमटलं आणि चौथीतल्या एका मुलीने ते सगळ्यांच्या आधी वाचून दाखवलं, उलट्याचं उलटं करून.

दिव्याचंही एक. ट्यूबलाइट नको, कडा पसरतात. उजेडाचा उगम जितका लहान, तितकी सावली रेखीव. अनेक ठिपक्यांचा एलईडी घेतलात तर प्रत्येक ठिपक्याची वेगळी सावली पडते आणि तुमची बारीक रेघ चौपट होते. एकच चिप असलेला दिवा घ्या.

मग कापण्याचा दिवस येतो. तो कठीण असतो, आधीच सांगून ठेवते. माझ्या घागरवाल्या बाईचा मी नवा ब्लॉक केला होता, हात वेगळे, मान वेगळी, कमरेपाशी सांधा. चांगल्या कागदावर ठसे काढले. सुतारमामांनी कात्री उचलली आणि मी "थांबा" म्हणाले. त्यांनी कात्री खाली ठेवली, माझ्या हातात दिली आणि समोर बसून राहिले. मी कापलं. खांद्याच्या वळणापाशी माझी एक रेघ होती, फार मेहनतीने आणलेली, पदराची चुणी. सांधा तिथेच येत होता. रेघेतून कापल्याशिवाय हात मोकळा होत नव्हता. कापलं, आरीने भोक पाडलं, दोऱ्याची गाठ मारली, गाठीच्या दोन्ही बाजूंना कातड्याची लहान चकती लावली. मामांनी तंगूस ओढला आणि हात घागरीवरून खाली येऊन कपाळाचा घाम पुसून परत वर गेला. माझ्या ठशात एवढं काही मी कधी आणू शकले नव्हते. चुणी गेली होती आणि बाई दमली होती.

तेव्हापासून मी रेखाटन करतानाच सांधे आधी मांडते. सांध्याभोवती एक बोटभर जागा साधी ठेवते, तिथे नक्षी नाही, बारीक रेघ नाही. दोन तुकडे एकमेकांवर सरकतात तिथे शाई घासली जाते, तेव्हा तिथला काळा भाग सपाट असलेला बरा. पटाशीचे ओरखडे पोटाला, पदराला, झाडाला राहू देते. लाकडाच्या ठशात रेषा लाकडाच्या आडव्या-उभ्या पोतानुसार चालते, तर हाताचा तुकडा पोत लांबीच्या दिशेने येईल असा कोरा, म्हणजे हात लांब वाटतो.

जगात हे कुणी केलंय का, असं मुलं विचारतात. केलंय. दक्षिण आफ्रिकेतला विल्यम केंट्रिज हा एचिंग आणि कोळशाच्या रेखाटनांचा चित्रकार, आणि १९८१ साली सुरू झालेली हँडस्प्रिंग पपेट कंपनी, यांनी १९९२ पासून एकत्र नाटकं केली. पुढे लाकडी बाहुल्या, त्यांना उघडपणे हलवणारी माणसं, मागे पडद्यावर हलणारी रेखाटनं. १९९७च्या त्यांच्या नाटकात वर्णद्वेषाच्या काळातल्या अत्याचारांबद्दल साक्ष देणारी माणसं बाहुल्या होत्या. त्या साक्षीदाराच्या जागी नटाला उभं न करता बाहुलीला उभं केलं, या निर्णयाचा मी अनेकदा विचार करते. अमेरिकेत पीटर शुमान यांनी १९६३ साली ब्रेड अँड पपेट सुरू केलं, त्यांचे ठसे आणि बाहुल्या एकाच हातातून येतात. यांचं काम जरूर बघा. पण कागद, कातडं आणि पाऊस आपला आहे, उत्तरं इथेच शोधावी लागतात.

आम्ही जो खेळ उभा केला तो मलप्रभेचा. नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, जांबोटीच्या रानातून खानापूरला येते, पुढे सौंदत्तीजवळ धरणात अडते आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेला मिळते. उगमाकडची गावं मराठी, खालची कन्नड. आमच्या खेळात नदी एक बाई आहे, तीच घागरवाली, आणि ती बोलत नाही. बाकीची पात्रं वाटेतल्या गावची भाषा बोलतात. हे आम्ही मोठ्या विचाराने ठरवलं होतं असं नाही. नदीसाठी आवाज देणारी मुलगी परीक्षेमुळे येऊ शकली नाही, आणि तिच्यावाचून पहिली तालीम झाली ती सगळ्यांना इतकी आवडली की मग तसंच ठेवलं. सौंदत्तीकडच्या एका शाळेत पडद्यावर निळा पदर उलगडायला लागला तशी मागच्या रांगेतली पोरं "होळे बंतु!" म्हणून उभी राहिली. कणकुंबीकडे त्याच जागी "पाणी आलं" असा आवाज उठला होता. आवाजाचा चढ दोन्हीकडे सारखा.

निळा पदर मांजरपाटावर छापलेला होता, शहापुरातून आणलेल्या. कापडावर छापताना आधी ते धुवून त्यातली खळ काढा, नाहीतर शाई वर तरंगते.

पावसाचं लक्षात ठेवा. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर तेलाची शाई आठ-आठ दिवस वाळत नाही, कच्चं कातडं ओल धरून पापडासारखं वळतं आणि कागदाला बुरशी येते. मी ठसे फेब्रुवारी ते मे या काळात काढते. पावसाळ्यात फक्त ब्लॉक कोरायचे, संहिता वाचायची, सांध्यांचे पुठ्ठ्याचे नमुने करायचे. खेळ दिवाळीनंतर.

पैशाचं स्पष्ट बोलते, कारण त्याबद्दल बोलायला आपण लाजतो आणि मग मैत्री तुटते. एका संस्थेने आमचा खेळ ठेवला आणि जाहिरातीवर फक्त माझं नाव छापलं, 'चित्रकार' म्हणून, मोठ्या अक्षरात. खेळवणाऱ्या सहा जणांचं नाव कुठेच नव्हतं. मी संस्थेला पत्र लिहिलं, पण गटातल्या दोघांच्या मनात जे बसलं ते काढायला वर्ष गेलं. त्यानंतर आम्ही एक पान लिहून काढलं. ब्लॉक चित्रकाराचा. त्यावरून काढलेली बाहुली गटाची. भिंतीवर लावायचे ठसे चित्रकाराने वेगळे विकले तर त्यातला ठरलेला वाटा गटाच्या पेटीत. जाहिरातीवर सगळ्यांची नावं एकाच आकारात. तुम्ही अटी वेगळ्या ठरवा, पण पहिल्या तालमीच्या आधी लिहा.

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजना बघून ठेवा. १८ ते २५ वयाच्या कलाकारांना दोन वर्षं महिना ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती असते, २५ ते ४० वयासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना १०,०००, आणि चाळिशीपुढे वरिष्ठ, महिना २०,०००. अर्जात 'दोन कलांचा संगम' असं मोघम लिहू नका. कुठल्या बाहुल्या, किती, कशावर छापणार, कुठे खेळ करणार, ते लिहा. अर्थात यावर घर चालत नाही. मी आठवड्याचे चार दिवस शाळेत शिकवते आणि त्याची मला खंत नाही, शाळेतली मुलं माझ्या बाहुल्या सगळ्यांत आधी बघतात.

आणि एक गोष्ट फार जपून करा. पिंगुळीच्या पोथ्या, किळ्ळेक्यातांच्या बाहुल्या हे त्या घराण्यांचं पिढ्यांचं धन आहे. त्यांच्याकडे शिकायला जा, बसा, विचारा, पैसे देऊन शिका. तिथला रावण किंवा तिथला हनुमान आपल्या लिनोवर उतरवून स्वतःच्या सहीने विकू नका. कागदावरचे त्यांचे डोळे, नाकाची ती धार बघून हात शिवशिवतो, माझाही शिवशिवला. मी त्यांच्याकडून आकार घेतला नाही, सांधा घेतला, आणि कुणाकडून घेतला ते प्रत्येक खेळाच्या आधी सांगते.

आता शेवटचं, आणि बाहुलीवाल्यांना आपण जे खरोखर देऊ शकतो ते. बाहुली झिजते. हाताने रंगवलेली बाहुली फाटली की तशीच पुन्हा होत नाही. आपल्याकडे ब्लॉक असतो. मी आता कुठलीही बाहुली करताना एडिशन, म्हणजे एका ब्लॉकवरून किती ठसे काढायचे ते, त्या हिशोबाने धरते: अंगाचे तीन ठसे, हातांचे आठ, कारण हात आधी जातात. क्रमांक घालत नाही. खेळाला जाताना लहान अवयवांचे ब्लॉक, रोलर, शाईची एक डबी आणि डाव पिशवीत असतो.

जांबोटीजवळच्या एका शाळेत दोन खेळ लागोपाठ होते. पहिल्यात घागरवाल्या बाईचा उजवा हात खांद्यापासून निघाला. बरोबर आणलेले जादा हात आदल्या गावी संपलेले. मधे पाऊण तास. शाळेच्या व्हरांड्यात पाट मांडला, ब्लॉकला शाई लावली, वर कागद ठेवला आणि डावाच्या पाठीने घासायला बसले. पाचवीतली चार पोरं गोल करून बघत होती. एकाने विचारलं, "मॅडम, आणि एक काढता येतो?" त्याला काढून दिला, तो घेऊन पळाला. शाई ओली होती, शाळेच्या बाईंनी कपाटातून कॅरमची पावडर आणून दिली, ती वर भुरभुरली, जास्तीची झटकली. मामांनी भोक पाडलं, गाठ मारली. दुसऱ्या खेळात तो हात जुन्यापेक्षा थोडा जास्त काळा दिसत होता. घाम पुसताना तेवढाच नजरेत भरत होता.